‘कमजोरी’च्या गाठोड्यातला बधिरपणा

आमच्या तालुक्याच्या गावाचा बाजार गुरुवारी भरतो. त्या दिवशी दवाखान्यात गर्दी असते, आणि त्या गर्दीत काही माणसं मुद्दाम मागे राहतात. "तुम्ही व्हा पुढं, मला घाई न्हाई" असं म्हणत आपला नंबर ढकलत नेतात. पंचवीसेक वर्षं हे पाहिल्यावर बाकड्यावर कोण कशासाठी बसलंय याचा अंदाज येतो. गेल्या उन्हाळ्यातल्या एका बाजारी असेच एक गृहस्थ सगळ्यात शेवटी आत आले. पन्नाशी ओलांडलेले, गळ्यात तुळशीची माळ, घरचा ऊस. त्यांनी दार लोटून घेतलं आणि पिशवीतून चूर्णाचा डबा, तेलाची बाटली आणि मेडिकलमधून आणलेला एक स्प्रे काढून टेबलावर ओळीनं मांडला.

"कमजोरी आलीया डॉक्टर. ह्यातलं कायबी लागू पडंना."

कमजोरी म्हणजे काय, हे विचारायला मला पंधरा वर्षं लागली. आता मी विचारतो. इच्छा होते का? "व्हती की." उभारी येते का? "येती. पयल्यासारखी न्हाई, पर येती." मग? गृहस्थ बराच वेळ टेबलावरच्या बाटलीकडे बघत राहिले. "कळत न्हाई," ते म्हणाले. "हात लागल्यालं कळत न्हाई. दुसऱ्याच्याच अंगाला हात लावल्यावानी वाटतं." कधीपासून? "कारखाना बंद झाल्यापासनं."

टेबलावरच्या तिन्ही वस्तूंपैकी एकही या तक्रारीसाठी नव्हती. चूर्ण होतं वीर्य ‘घट्ट’ करायला, तेल ताठरतेसाठी, आणि स्प्रे तर चक्क संवेदना मारण्यासाठी बनवलेला. ज्याची संवेदना कमी झाली आहे त्यानं संवेदना मारणारं औषध साडेतीनशे रुपयांना विकत घेतलं होतं आणि फरक पडत नाही म्हणून जरा जास्तच फवारलं होतं. यात त्यांचा दोष नाही. त्यांनी दुकानात जो शब्द उच्चारला, त्या शब्दाचं औषध त्यांना मिळालं. दोष त्या शब्दाचा आहे. हा लेख त्या शब्दाविरुद्ध आहे आणि त्याच्या आडोशाला उभ्या असलेल्या तीन मतांविरुद्धही आहे.

‘कमजोरी’ हे एक गाठोडं आहे. कामेच्छा कमी होणं, ताठरता न येणं, वीर्यपतन लवकर होणं, उशिरा होणं किंवा न होणं, आणि स्पर्श न जाणवणं, या पाच वेगळ्या तक्रारी आपण त्यात कोंबतो. इच्छेचा संबंध मेंदू, मनःस्थिती आणि संप्रेरकांशी. ताठरतेचा मुख्यतः रक्तवाहिन्यांशी. स्पर्शाचा मज्जातंतूंशी. एका दुखण्यातून दुसरं उद्भवू शकतं, हे खरं. जिथं स्पर्शच पोचत नाही तिथं ताठरताही टिकत नाही. पण पाय मोडणं आणि पायाला चिखल्या होणं यांना आपण ‘पायाची कमजोरी’ म्हणत नाही.

त्यात मराठीतल्या ‘नस’ या शब्दाने आणखी घोळ घातला आहे. आपल्याकडे रक्ताची ती नस, दबते ती नस, सलाइन लावतात ती नस आणि मुंग्या येतात तीही नसच. जाहिरातवाला ‘नसांतली ताकद’ म्हणतो तेव्हा ऐकणाऱ्याला रक्तवाहिनी दिसते की मज्जातंतू, हे जाहिरातवाल्यालाही सांगता येणार नाही. त्याला सांगायचंही नसतं.

आता पहिला पूर्वपक्ष. तो भिंतीवर रंगवलेला असतो. एसटी स्टँडच्या मागे, रेल्वेच्या रुळालगत, मुताऱ्यांच्या आत. त्याचं म्हणणं असं: तरुणपणी हस्तमैथुनात किंवा स्वप्नदोषात धातू वाया गेला, वीर्य म्हणजे रक्ताचं सार, ते गेलं म्हणून नसा मेल्या आणि म्हणून आज काही जाणवत नाही. चाळीस थेंब रक्तापासून अमुक आणि त्याच्या चाळीस थेंबांपासून तमुक, हे गणित पाचवी शिकलेल्यालाही तोंडपाठ असतं.

वीर्य रक्त आटवून तयार होत नाही. त्यातला बहुतांश द्रव शुक्राशयातून आणि प्रोस्टेट ग्रंथीतून येतो. शुक्राणूंचा वाटा आकारमानाने अगदी थोडा. लाळ जशी सतत तयार होते तसंच हेही होतं. आणि मुद्दा तोही नाही. मुद्दा असा की त्वचेला स्पर्श कळण्याच्या मार्गावर वीर्य कुठेच भेटत नाही. धातू गेल्यामुळे आपण खंगतो या समजुतीला आणि तिच्यापायी लागणाऱ्या चिंतेला, थकव्याला आपल्याकडच्या मानसोपचारतज्ज्ञांनी रीतसर नावही दिलं आहे. डॉ. नरेंद्रनाथ विग यांनी १९६० मध्ये त्याला ‘धात सिंड्रोम’ म्हटलं. त्रास खरा असतो, त्याचं दिलेलं कारण खोटं असतं.

मराठी माणसाला तर हे नव्याने सांगावं लागू नये. र. धों. कर्व्यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं आणि १९२७ च्या जुलैपासून ‘समाजस्वास्थ्य’ चालवलं, ते १९५३ मध्ये मरेपर्यंत. त्यात वाचक प्रश्न विचारत आणि कर्वे रोखठोक उत्तर देत. अशाच उत्तरांवरून १९३४ मध्ये त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला आणि त्यांच्या बाजूने वकील म्हणून उभे राहिले डॉ. बाबासाहेब आंबेडकर. लैंगिक प्रश्न विचारणं हा आजार नाही आणि त्याला उत्तर देणं हा गुन्हा नाही, या बाजूने दोघांनी एक खटला हरून दाखवला. त्याला नव्वद वर्षं झाली. वर १९५४ चा औषधे आणि जादुई उपाय यांच्या आक्षेपार्ह जाहिरातींविरुद्धचा कायदा आहे. लैंगिक सुखाची क्षमता वाढवण्याचा दावा करून औषधाची जाहिरात करायला त्याचं कलम ३ सरळ मनाई करतं. कायदा पुस्तकात आहे, जाहिरात भिंतीवर आहे.

एक मात्र कबूल करायला हवं. भिंतीवरचा वैद्य रुग्णाला बसवून घेतो. हसत नाही. दहा मिनिटं ऐकतो. त्याचं खरं भांडवल चूर्ण नसून ती दहा मिनिटं आहेत, आणि ती त्याला आम्ही दिली. आम्ही म्हणजे डिग्रीवाले डॉक्टर.

हस्तमैथुनाबद्दल एक बारीक मुद्दा उरतो. त्याने मज्जातंतू मरत नाहीत. पण वर्षानुवर्षं फार घट्ट पकडीची, फार जोराच्या दाबाची सवय झाली तर हळुवार स्पर्श फिका वाटू लागतो. घरी तिखटजाळ खाणाऱ्याला पाहुण्याकडची आमटी अळणी लागते, तसं. जीभ काही मेलेली नसते. काही आठवडे सवय मोडली, पकड सैल केली की बहुतेकांचं ठीक होतं. इथं औषध लागत नाही, आणि अपराधीपणा तर मुळीच लागत नाही.

दुसरा पूर्वपक्ष घरातला, कट्ट्यावरचा: वय झालं. आता काय पंचविशी आहे का? नातवंडं खेळवायची सोडून हे काय? हे मत पहिल्यापेक्षा जास्त सभ्य आहे आणि त्यात निम्मं सत्य आहे, म्हणून ते जास्त घातक आहे. वयाबरोबर त्वचेची कंपनं ओळखण्याची शक्ती कमी होते, हे खरंच. पायाच्या बोटांत होते, हाताच्या बोटांत होते, शिश्नातही होते. साठीतल्या माणसाला तिशीइतकी तरतरी वाटली नाही तर त्यात आश्चर्य काही नाही. त्याला जास्त वेळ लागेल, जास्त स्पर्श लागेल, आणि ते नवरा-बायकोनं समजून घेतलं तर पुरतं.

पण वय चोरपावलांनी येतं. ते दोन्ही बाजूंना सारखं येतं, वर्षावर्षांनी येतं. उसाच्या एका हंगामात येत नाही. डाव्या बाजूला येऊन उजवी सोडत नाही. लघवीला जाणं विसरायला लावत नाही. ‘कधीपासून?’ या प्रश्नाला रुग्ण जर महिना सांगू शकत असेल, सण सांगू शकत असेल, ‘दिवाळीपर्यंत ठीक होतं’ असं म्हणत असेल, तर ते वय नव्हे. माझ्यापुरता मी हा नियम पाळतो आणि तो मला फारसा दगा देत नाही.

तिसरा पूर्वपक्ष शिकल्यासवरलेल्यांचा आहे, म्हणजे माझ्या जातभाईंचा. हे सगळं मनाचं आहे. टेन्शन आहे. फिरायला जा, बायकोला घेऊन महाबळेश्वरला जाऊन या. या मताशी मी सर्वांत जास्त भांडणार आहे, कारण ते मी स्वतः बाळगलं आहे आणि त्याची किंमत दुसऱ्यानं मोजली आहे.

बऱ्याच वर्षांपूर्वी एक शिक्षक माझ्याकडे आले होते. चाळिशीतले, व्यवस्थित, बोलायला संकोची. "संबंधाच्या वेळी काही जाणवत नाही," एवढंच म्हणाले. मी त्यांच्या बदलीची चौकशी केली, घरातल्या आजारपणाची केली, ताण आहे असं ठरवलं, व्हिटॅमिनच्या गोळ्या दिल्या आणि खांद्यावर हात ठेवून निरोप दिला. तपासलं नाही. पँट काढायला सांगणं मला अवघड वाटलं, असं आज प्रामाणिकपणे म्हणतो. त्यांना अवघड वाटेल, असं तेव्हा स्वतःला सांगितलं होतं. आठ महिन्यांनी ते एक पाय ओढत आले. एमआरआयमध्ये पाठीच्या कण्याच्या तळाशी, मज्जातंतूंच्या जुडग्यावर दाब देणारी एक गाठ निघाली. कर्करोगाची नव्हती. शस्त्रक्रिया झाली, पाय बराच सुधारला. बधिरपणा राहिला तो राहिलाच. त्यांनी मला कधी बोल लावला नाही. दर दिवाळीला फराळाचा डबा पाठवतात, आणि तो डबा उघडताना मला जे वाटतं ते सांगण्याची ही जागा नाही.

मनाचं काहीच नसतं असं माझं म्हणणं नाही. नैराश्यात सुख सुखासारखं लागत नाही, जेवण मातीसारखं लागतं, गाणं कानावरून जातं, तसंच हेही. पण मनाने कमी झालेलं सुख आणि मज्जातंतूने कमी झालेला स्पर्श यांत फरक करता येतो, आणि तो करण्यासाठी कुठलंही यंत्र लागत नाही. मी रुग्णाला विचारतो: अंघोळीच्या वेळी तांब्यातलं गरम पाणी तिथं पडतं ते कळतं का? मांडीला कळतं तितकंच कळतं का? चड्डीचा काठ काचतो तो कळतो का? लघवी चालू आहे की संपली, हे न बघता कळतं का? हे सगळं नीट कळत असेल आणि फक्त सुख कमी झालं असेल, तर मनाकडे, नात्याकडे, झोपेकडे, औषधांकडे बघावं. पाणीच कळत नसेल तर महाबळेश्वरला जाऊन ते कळणार नाही.

आणि ‘मनाचं’ म्हणून जी औषधं दिली जातात त्यांतली काही स्वतःच हा उद्योग करतात, याची आठवण माझ्या जातभाईंना राहत नाही. नैराश्य आणि चिंतेसाठी सर्रास वापरली जाणारी फ्लुओक्सेटिन, सर्ट्रालिन, पॅरोक्सेटिन, एस्सिटालोप्रॅम ही औषधं अनेकांची कामेच्छा उतरवतात, वीर्यपतन लांबवतात आणि काहींच्या बाबतीत जननेंद्रियाचा स्पर्शच बोथट करतात. बहुतेकांचं औषध थांबल्यावर पूर्ववत होतं, थोड्यांचं थांबवल्यानंतरही रेंगाळतं. युरोपातल्या औषध नियामक संस्थेने २०१९ मध्ये ही शक्यता औषधाच्या माहितीपत्रकात नमूद करायला लावली. यावरून कुणी उद्यापासून गोळी टाकून देऊ नये. ती एकदम बंद केल्याने होणारा त्रास वेगळा आणि मूळ नैराश्य उलटलं तर त्याहून वाईट. ज्यानं लिहून दिली त्याला जाऊन सांगावं, की अमुक तारखेला सुरू केली आणि तमुक दिवसांनी हे झालं. डोस कमी करता येतो, औषध बदलता येतं. पण हे सांगितल्याशिवाय त्यालाही कळणार नाही, कारण तो विचारणार नाही.

खंडन इथवर पुरे. माझी बाजू एका वाक्यात सांगता येते: जननेंद्रियाचा बधिरपणा हा पायाच्या बधिरपणाचा सख्खा भाऊ आहे आणि त्याला तसंच वागवावं. पाय बधिर झाला तर कुणी लाजत नाही, कुणी हसत नाही, कुणी धातूचं नाव काढत नाही.

स्पर्शाचा रस्ता समजून घेतला की हे आपोआप पटतं. शिश्नाच्या पाठीवरून दोन बारीक मज्जातंतू निघतात. ते जघनास्थीखालून मागे वळतात, बसताना जी हाडं टेकतात त्यांच्या आतल्या बाजूने एका अरुंद वाटेतून जातात आणि माकडहाडाच्या वरच्या त्रिकोणी हाडातून कण्यात शिरतात. दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्या त्रिकास्थी मुळांची ही वाट. गंमत म्हणजे लघवी आणि शौच रोखून धरणं, गुदद्वाराभोवतीची संवेदना, मांड्यांच्या मधला भाग, यांचाही कारभार याच मुळांकडे आहे. एकाच वाड्यात चार बिऱ्हाडं. म्हणून एकाची तक्रार आली की बाकीच्या तिघांची विचारपूस करायची असते.

या वाटेवर कुठे काय अडतं? आमच्याकडे सर्वांत जास्त अडतो तो मधुमेह. आयसीएमआरच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात दहा कोटींहून अधिक लोकांना तो आहे. साखरेने आधी लांबच लांब मज्जातंतू झिजतात, म्हणजे पायाच्या बोटांकडे जाणारे, म्हणून मधुमेही माणूस ‘तिथं कळत नाही’ म्हणाला की मी आधी त्याला मोजे काढायला सांगतो. त्याच्या जोडीला ब-१२ जीवनसत्त्वाचा अभाव. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुणे परिसरातल्या ४४१ पुरुषांचं रक्त तपासलं होतं. २००६ साली त्यांनी मांडलेल्या आकड्यांत ६७ टक्क्यांचं ब-१२ कमी निघालं, आणि त्यात शाकाहार हे मोठं कारण होतं. मधुमेहासाठी वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन घेणाऱ्यांचं ब-१२ आणखी उतरतं. दारू मज्जातंतूंना थेट जाळते. थायरॉइड मंदावला तरी बधिरपणा येतो. कण्यातली सरकलेली चकती, मणक्याचा टीबी, ओटीपोटातल्या शस्त्रक्रिया, अपघातात माकडहाडाला बसलेला मार, ही पुढची यादी. अंगावर कुठे स्पर्श न कळणारा फिकट चट्टा असेल तर तोही दाखवावा. कुष्ठरोग महाराष्ट्रातून गेलेला नाही.

आणि एक निरुपद्रवी वाटणारी गोष्ट: सायकल. अलीकडे आमच्या भागातही पहाटे हेल्मेट घालून पन्नास-साठ किलोमीटर जाणारे गट झाले आहेत, पंढरपूरला सायकलवारी निघते. अरुंद, पुढे टोक आलेल्या सीटवर तासन्‌तास बसलं की तो मज्जातंतू हाड आणि सीट यांच्यामध्ये चेपला जातो. अमेरिकेत सायकलवरून गस्त घालणाऱ्या ९० पोलिसांना सहा महिने बिनटोकाच्या सीटवर बसवून पाहिलं गेलं. सुरुवातीला त्यांच्यातले फक्त २७ टक्के जण बधिरपणा आला नाही असं सांगत होते, शेवटी ८२ टक्के. २००८ मध्ये हे प्रसिद्ध झालं. सीट बदलणं, टोक जरा खाली करणं, चढावर उभं राहून पेडल मारणं, आणि बधिरपणा जाईपर्यंत सायकल ठेवून देणं, एवढ्यावर हे प्रकरण बहुधा मिटतं. धातुपौष्टिक खाऊन मिटत नाही.

लांबवणारे स्प्रे आणि ‘डिले’ लिहिलेले कंडोम यांचीही नोंद इथंच घ्यावी. त्यांत लिडोकेन, प्रिलोकेन किंवा बेन्झोकेन असतं, म्हणजे दात काढताना हिरडीत मारतात त्याच कुळातलं. थोडक्या वेळासाठी आणि समजून वापरलं तर ठीक. पण बधिरपणाची तक्रार घेऊन येणाऱ्याच्या पिशवीत ते सापडलं तर आधी ते बाजूला ठेवून दोन आठवडे वाट बघावी. ते बायकोच्या अंगालाही लागतं आणि तिलाही बधिर करतं, हे विकणारा सांगत नाही. बायकोला कुणी विचारतही नाही, ती दुसऱ्या लेखाची गोष्ट आहे.

मेडिकलवाला दुसरं काय देतो? सिल्डेनाफिल. निळी गोळी. ती रक्तप्रवाह वाढवते, हरवलेला स्पर्श परत आणत नाही. ताठरतेची तक्रार असेल आणि डॉक्टरने हृदय तपासून दिली असेल तर ती चांगलं औषध आहे. पण छातीत दुखतं म्हणून जिभेखाली नायट्रेटची गोळी ठेवणाऱ्याने ती घेतली तर रक्तदाब कोसळून जीव जाऊ शकतो. ‘वनस्पतीजन्य, साइड इफेक्ट नाही’ म्हणून विकल्या जाणाऱ्या गोळ्यांत हेच औषध गुपचूप मिसळलेलं अनेक देशांत सापडलेलं आहे, तेव्हा आयुर्वेदिकच तर आहे, असं म्हणून बिनधास्त राहू नये.

आता डॉक्टरकडे कधी जायचं? काही प्रसंगी घड्याळ बघून जायचं. घोड्याच्या खोगिरावर बसल्यावर अंगाचा जेवढा भाग टेकतो तेवढा भाग, म्हणजे मांड्यांची आतली बाजू, गुदद्वाराभोवतीची जागा आणि जननेंद्रिय, अचानक बधिर झाला. जोडीला कंबर दुखते, पायांतला जोर गेला, लघवी अडली किंवा कळल्याशिवाय झाली, तर त्याच रात्री मोठं रुग्णालय गाठायचं. कण्याच्या तळाशी मज्जातंतूंचं जुडगं चेपलं गेलेलं असू शकतं, आणि ते मोकळं करण्याचा हिशेब तासांत असतो. सोमवारी ओपीडीला जाऊ म्हणणाऱ्याची लघवीची पिशवी पुढे आयुष्यभर सुटत नाही. तसंच शरीराची एक बाजू एकदम बधिर झाली, तोंड वाकडं झालं, बोबडी वळली तर तो लकवा. तिथंही थांबायचं नाही.

बाकीच्यांनी घाबरून धावायची गरज नाही, पण लांबवायचंही नाही. महिना-दीड महिना टिकलेला किंवा वाढत चाललेला बधिरपणा, पायांतही मुंग्या, मधुमेह असणं, नवीन औषध सुरू झाल्यावर आलेला फरक, मार किंवा शस्त्रक्रिया झाल्यानंतरचा बधिरपणा, पुढची कातडी मागे न सरकणं किंवा तिथं पांढरट, कडक, भेगाळलेली त्वचा, यांतलं काहीही असलं की नेहमीच्या डॉक्टरकडे जाऊन ‘कमजोरी’ हा शब्द न वापरता बोलावं. कळत नाही, असंच म्हणावं. एखादी थकलेली रात्र, ताप उतरल्यानंतरचे आठ दिवस, जागरण, यावरून कुणी फाइल करू नये.

इथं एक आक्षेप येईल, आणि तो मला मोलाचा वाटतो. भिंतीवरच्या वैद्याऐवजी तुम्ही आता एमआरआयवाल्याचं दुकान चालवणार, एवढाच काय तो बदल. पुरुषाच्या एका खासगी कुरबुरीचं तुम्ही पंधरा हजारांचं पॅकेज करणार. ही भीती निराधार नाही. ‘मेन्स हेल्थ चेकअप’च्या पाट्या मीही पाहतो, आणि संवेदनेची तक्रार ऐकून पहिल्याच भेटीत टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं टोचणारेही पाहतो. टेस्टोस्टेरॉन मोजायचं असेल तर सकाळच्या वेळी आणि कमी आल्यास पुन्हा एकदा मोजतात, आणि ते मुख्यतः इच्छा कमी झाली असेल तर.

म्हणून माझा आग्रह चाचण्यांचा नाही, तपासण्याचा आहे. या तपासणीला जे लागतं ते सगळं मिळून पाचशे रुपयांत येतं. कापसाचा बोळा. एक बोथट टाचणी. गार पाण्यात बुडवलेला चमचा. शाळेत विज्ञानाच्या तासाला पाहिलेला नादकाटा, १२८ हर्ट्‌झचा. पायासाठी नायलॉनचा १० ग्रॅमचा दोरा. आधी मनगटावर नादकाटा टेकवून ‘हे असं गुणगुणतं’ म्हणून ओळख करून द्यायची, मग पायाचा अंगठा, घोटा, मग शिश्न. डोळे मिटून ‘थांबलं’ म्हणायचं. कंप थांबायच्या कितीतरी आधीच माणूस ‘थांबलं’ म्हणतो तेव्हा टेबलाच्या दोन्ही बाजूंना एकदमच कळतं. गुदद्वाराचा स्नायू आकसतो का, गुडघ्यावर हातोडी मारल्यावर पाय उडतो का, एवढं पाहायला आणखी तीन मिनिटं. साखर, ब-१२ आणि थायरॉइड या रक्ताच्या साध्या तपासण्या तालुक्यालाही होतात. एमआरआय कुणाला आणि कुणाला नाही, हे या दहा मिनिटांवरूनच ठरतं. एमआरआयची अनावश्यक रांग वाढते ती बहुतेकदा ही दहा मिनिटं वाचवल्यामुळे.

दार बंद करा, चादर द्या, काय करणार ते आधी सांगा, नको म्हणाला तर थांबा. डॉक्टरांसाठी एवढंच.

तर ते तुळशीच्या माळेचे गृहस्थ. मधुमेह नऊ वर्षं, मेटफॉर्मिन दोन वेळा. माळकरी, म्हणजे मांस-अंडी वर्ज्य. दूध? "दूध डेअरीला. आमचा कोरा चहा." चप्पल काढताना त्यांची नजर पायाकडे होती. मी कारण विचारलं. म्हणाले, "पायातनं कवा निसटती कळतच न्हाई. परवा बांधावरनं घरापतूर एकाच चपलीवर आलो." हे त्यांना कमजोरीशी जोडावंसं वाटलं नव्हतं, आणि नऊ वर्षांत कुणी त्यांना मोजे-चप्पल काढायला सांगितलं नव्हतं. नादकाटा अंगठ्यावर कळला नाही, घोट्यावर जेमतेम. पुढचंही तसंच. साखरेची तीन महिन्यांची सरासरी चढलेली, ब-१२ तळाला.

इंजेक्शनं सुरू केली, साखरेचं औषध बदललं, स्प्रे मी माझ्याकडेच ठेवून घेतला. चूर्णाचा डबा ते परत घेऊन गेले; आठशे रुपये दिले होते, टाकवेना.

दिवाळीनंतरच्या बाजारी आले तेव्हा या खेपेला नंबर ढकलला नव्हता, मधेच आले. पायाला सकाळी फरशी गार लागते म्हणाले. आणि बाकीचं? त्यांनी बाहेर बाकड्यावर कोण आहे ते पाहिलं, आवाज खाली आणला. "निम्मं म्हणा. तांब्यातलं पाणी कळतंय." मग जरा थांबून म्हणाले, "घरच्यांनी इचारलंय, निम्म्याचं आनखी काय व्हनार का?"

काही सुधारेल, सगळं परत येईलच असं नाही, असं मी सांगितलं. त्यांनी मान हलवली, केसपेपर घडी करून खिशात ठेवला आणि पायात चप्पल सरकवताना खाली न बघता सरकवली.